चिंध्यांचा जमाखर्च

१९४२ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मिसूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. कापसाच्या शेतात राबणारा माणूस. मागे राहिली पोरंबाळं आणि उन्हाघामाने विटलेले कामाचे कपडे. मिसूरीने ते कुणाला वाटून टाकले नाहीत. सतरा-अठरा वर्षांच्या थोरल्या लेकीला, अर्लोन्झियाला, हाताशी घेतलं, कपडे उसवले, फाडले आणि त्यांची गोधडी शिवली. आई तेव्हा काय म्हणाली, ते अर्लोन्झिया म्हातारपणीही सांगायची: याने त्याची आठवण राहील, आणि मायेची ऊब म्हणून मी याच्याखाली निजेन. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आहे.

फोटोत पाहिली तर पहिल्यांदा काही विशेष वाटत नाही. विटका निळा, राखाडी, मळकट पांढरा, मधूनच एखादी तांबूस पट्टी. कडा सरळ नाहीत. साखळदंड नाहीत, वळलेली मूठ नाही, पुढाऱ्याचं चित्र नाही, घोषणा नाही. तरीही कृष्णवर्णीयांचा इतिहास, त्यांची ओळख आणि सामाजिक न्याय यांच्याबद्दल बोलणारी सामूहिक कला कशी असते असं कुणी विचारलं, तर भित्तिचित्रं आणि पुतळे बाजूला ठेवून मी आधी मिसूरीच्या गावाकडे बोट दाखवेन. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल. वाटेत कापसाची शेतं लागतील, उधारीची वही लागेल आणि चव्वेचाळीस वर्षं बंद राहिलेली एक होडीही.

तिकडे या पांघरुणाला क्विल्ट म्हणतात. आपली गोधडी किंवा वाकळच की, असं म्हणायला हरकत नाही; फक्त एक फरक ध्यानात ठेवायचा. आपल्याकडे बहुतेक घरांत जुनेरांचे थर घालून वरून एखादं मऊ लुगडं ताणतात आणि धावदोऱ्याने सगळं एकजीव करतात. क्विल्टचे थर तीनच. वरचा तुकडे जोडून केलेला, मधला कापसाचा, खालचा अस्तराचा. वरचा थर जोडण्याला पीसिंग म्हणतात आणि तिन्ही थर एकत्र शिवण्याला क्विल्टिंग. जीज बेंड या मिसूरीच्या गावात पीसिंग हा ज्याचा-त्याचा, म्हणजे जिचा-तिचा मामला. कुठला तुकडा कुठे, ते घरी, एकटीने, शेतातलं काम उरकल्यावर ठरवायचं. क्विल्टिंगला मात्र शेजारणी यायच्या. लाकडी चौकटीवर थर ताणायचे, चारी बाजूंना बसायचं, देवाची गाणी म्हणत टाके घालायचे. नक्षी एकीची, टाके सगळ्यांचे. 'सामूहिक कला' म्हटलं की सगळ्यांनी मिळून एकच भिंत रंगवल्याचं दृश्य डोळ्यांपुढे येतं. इथली रीत वेगळी होती. एकीने जुळवलेलं दुसरी बदलायची नाही, पण दुसरीच्या हातांवाचून ते पुरंही व्हायचं नाही.

मधल्या थरातला कापूस कुठला? जिनिंगच्या जमिनीवर सांडलेला. तो झाडून आणायचा, काठीने बडवून त्यातली माती-काडी काढायची आणि पसरायचा. दिवसभर दुसऱ्यासाठी वेचलेल्या कापसातला एवढाच वाटा त्यांच्या घरी पोचायचा.

आता गाव. अलाबामा नदी इथे असं काही वळण घेते की गावाच्या तीन बाजूंना पाणीच. १८१६ साली जोसेफ जी नावाच्या गोऱ्या माणसाने इथे कापसाचा मळा घातला, म्हणून हे 'जीचं वळण', जीज बेंड. पुढे जी कुटुंबावर कर्ज झालं आणि १८४५ मध्ये मळा मार्क पेटवे या नातेवाइकाकडे कर्जफेडीपोटी गेला. मळा म्हणजे जमीन, घर, अवजारं आणि माणसं. गुलाम माणसं दुसऱ्याच्या खात्यावर वळती झाली. पेटवे स्वतः नॉर्थ कॅरोलायनात राहायचा. तो इकडे आला तेव्हा आपले शंभराच्या आसपास गुलाम त्याने पायी चालवत आणले.

आपल्याकडे आडनावावरून गाव कळतं, हुद्दा कळतो, जातही कळते. जीज बेंडमध्ये आडनावावरून मालक कळतो. आजही तिथल्या कितीतरी जणांचं आडनाव पेटवे आहे आणि त्यातल्या अनेकांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. या लेखात पेटवे पुन्हा पुन्हा येतील. गोंधळू नका, सगळ्या एका घरच्या नाहीत.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. जमीन मात्र मालकाचीच राहिली. ज्यांना काल विकता येत होतं ते आज अर्धेलीने शेती करणारे कूळ झाले. बी, खत, मीठ, पीठ सगळं उधार. सुगी झाली की हिशेब, आणि हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा द्यायचा आणि पुढच्या वर्षाची उधारी घेऊन घरी यायचं. गुलामगिरी गेली, तरी माणूस जागचा हलू नये याची तजवीज वहीने केली.

इथे आपला संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकेत युद्ध पेटलं तसा तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दख्खनच्या शेतकऱ्याला घरी बोलावून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस बाजारात परतला, भाव कोसळले आणि सावकाराची मूठ मिटली. वरून सरकारने शेतसारा वाढवलेला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत दोन मार्कांना असतात ते हेच. अलाबामातला कापूस आणि भीमथडीतलं कर्ज एकाच दोऱ्याने बांधलेलं होतं, हे मात्र त्या दोन मार्कांत येत नाही.

जीज बेंडच्या लोकांना वही जाळता आली नाही. नदीपलीकडच्या कॅम्डन गावातला एक व्यापारी त्यांना उधारी द्यायचा. मंदी आली, कापसाला कुणी विचारेना. १९३२ मध्ये तो व्यापारी मेला आणि त्याच्या बायकोने सगळी बाकी एकदम मागितली. वसुलीची माणसं गावात शिरली. खेचरं, गायी, डुकरं, कोंबड्या, नांगर, गाड्या, कणगीतला मका, पुरून ठेवलेली रताळी असं जे दिसलं ते नेलं. साठेक कुटुंबं उघडी पडली. तो हिवाळा त्यांनी रेड क्रॉसच्या पिठावर काढला.

अशा घरात पांघरायला काय असणार? अंगावरून उतरलेले कपडे आणि रिकामी पोती. खताची, साखरेची, पिठाची पोती उसवून, धुऊन अस्तराला लावली जायची. कपड्यांत जास्त करून डेनिम, म्हणजे शेतात घालायच्या जाड निळ्या पँटी आणि डांगऱ्या. या गोधड्या बघताना एक गंमत बघावी. पँटीचा खिसा उसवून काढला की त्याखालचं कापड उन्हापासून वाचलेलं असतं. बाकी सगळा पाय आभाळासारखा फिका, आणि खिशाच्या जागी एक गडद निळा चौकोन. गुडघ्यावर ठिगळ असेल तर तिथेही तसंच. नक्षी म्हणून हा चौकोन कुणी काढलेला नाही. वीस उन्हाळ्यांनी तो काढला आहे. शिवणारीने मात्र तो बघितला, आणि कुठे बसवायचा ते ठरवलं. मघाशी मी म्हटलं की या गोधड्यांवर इतिहासाचं चित्र नाही. चित्राची गरजच पडत नाही, कापडच साक्षीला उभं राहतं.

१९३७ मध्ये सरकारने आर्थर रॉथस्टाइन या फोटोग्राफरला गावात पाठवलं. रूझवेल्ट सरकारला मंदीत पिचलेल्या खेड्यांवर पैसा खर्च करायचा होता आणि तो का करायचा हे शहरातल्या लोकांना दाखवायचं होतं. त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. ओंडक्यांची झोपडी, खिडकीत एक लहान मुलगी. खिडकीच्या झडपेला थंडीवाऱ्यासाठी वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि त्यावरच्या जाहिरातीतली गोरी बाई हसते आहे. मुलगी तिच्याकडे बघत नाही, भलतीकडेच बघते आहे. त्याच वेळच्या दुसऱ्या एका फोटोत बायका गोधडी शिवताना दिसतात. कुणी संग्राहक, कुणी समीक्षक तिथे फिरकायच्या कितीतरी वर्षं आधी.

सरकारने सुमारे १० हजार एकर जमीन विकत घेतली, घरं बांधली आणि १९४० च्या दशकात ती कमी व्याजाच्या कर्जावर गावकऱ्यांनाच विकली. या घरांना अजून 'रूझवेल्ट घरं' म्हणतात. सगळ्या गोष्टीतला हा सांधा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजूबाजूच्या गावांत कृष्णवर्णीय कुळं मालकाच्या जमिनीवर राहत होती. मतदार यादीत नाव घालायला गेलं की मालक घराबाहेर काढायचा. जीज बेंडचे लोक स्वतःच्या जमिनीवर होते. त्यांना काढणार कोण?

मग दुसरा मार्ग निघाला. कॅम्डन हे कौंटीचं ठाणं, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावासारखं. मतदार नोंदणी तिथे. नदी ओलांडायला तराफ्यासारखी होडी होती, गाडीसुद्धा त्यावर चढायची. गावातली माणसं नोंदणीसाठी कॅम्डनला जाऊ लागली आणि १९६२ मध्ये ती होडी बंद झाली. आता वळसा घालून तासाभराचा रस्ता, तोही ज्याच्याकडे गाडी आहे त्याला. कौंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मार्टिन ल्युथर किंग गावात आले आणि पावसात भरलेल्या चर्चमध्ये बोलले. त्यानंतर गावकरी कॅम्डनला मोर्चे घेऊन गेले, अश्रुधूर आणि तुरुंग दोन्ही पाहिले. मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, नावं यादीत आली, होडी काही आली नाही. त्याच दशकात नदीवर मिलर्स फेरी इथे धरणाचं काम निघालं आणि गावाची सगळ्यात कसदार, नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आता गोधड्या घराबाहेर पडतात. १९६५ च्या शेवटी फ्रान्सिस वॉल्टर हा गोरा पाद्री, नागरी हक्कांच्या कामासाठी या भागात छळाच्या तक्रारी नोंदवत फिरत होता. एका घराबाहेर दोरीवर गोधड्या वाळत होत्या. तो थांबून बघू लागला, तर घरातली बाई रानात पळून गेली. अनोळखी गोरा माणूस दारात उभा म्हणजे तिच्या लेखी धोकाच. पुढे त्याने बायकांकडून दहा-दहा डॉलरला गोधड्या घेतल्या, न्यूयॉर्कला लिलावात काढल्या, आणि मार्च १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. 'बी' म्हणजे एकत्र बसून करायचं काम, आपल्या पापड-कुरडयांना शेजारणी जमतात तसं. मतदान केलं म्हणून घर गेलेल्या, काम गेलेल्या घरांतल्या बाया तिथे शिवू लागल्या. एस्टेल विदरस्पून हिने बरीच वर्षं संस्था चालवली. त्यांनी जमीन घेतली, शिवणघर बांधलं, हाकलून दिलेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीतले तुकडे विकले. गावातल्या कितीतरी बायांच्या हातात पगार म्हणून पैसा पहिल्यांदा आला तो इथे.

इथे एक अडचण झाली, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कच्या दुकानांना माल एकसारखा हवा होता. दहा नग म्हणजे दहाही सारखे, टाके मोजून, कडा सरळ. जीज बेंडची रीत नेमकी उलटी. तिथल्या बायका आपल्या शिवणीला 'माय वे' म्हणायच्या, माझी पद्धत. नमुना असायचा. 'हाऊसटॉप' म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांचे चौकोन वाढवत न्यायचे, वरून कौलारू घर बघितल्यासारखं. 'ब्रिकलेयर' विटांच्या पायऱ्यांसारखा. 'लेझी गॅल', आळशी पोर, नुसत्या उभ्या पट्ट्या. पण नमुना म्हणजे फक्त सुरुवात. अर्ध्यावर निळं कापड संपलं तर लाल घ्यायचं, आणि ते लाल पहिल्यापासूनच ठरलं होतं असं वाटेल अशी पुढची पट्टी लावायची. भजनात तान घेऊन समेवर येण्यातली मजा ज्यांना कळते त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. संस्थेत बसलं की ही तान बंद. पोटासाठी सारख्या गोधड्या दिवसा, स्वतःच्या रात्री.

१९७२ मध्ये सीअर्स या दुकानसाखळीने संस्थेला उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं. कापड कॉर्डरॉय. जाड, रेघारेघांचं, त्या काळच्या फॅशनच्या रंगांत: सोनेरी, मेणकट हिरवा, विटकरी, चेरीसारखा लाल. कापून उरलेल्या पट्ट्या बायका घरी नेऊ लागल्या. कॉर्डरॉय बारीक तुकड्यांत शिवायला नाठाळ, म्हणून मोठे मोठे चौकोन, लांब पट्ट्या. १९७० च्या दशकातल्या जीज बेंडच्या गोधड्या एकाएकी झगझगीत आणि भरदार दिसू लागतात त्याचं कारण हे एवढंच. एखाद्या चित्रकाराचा 'निळा काळ' असतो म्हणतात. जीज बेंडचा कॉर्डरॉय काळ एका दुकानाच्या ऑर्डरीने आणला.

म्हणून मी याला जमाखर्च म्हणतो. पोतं दिसलं की उधारीची शेती, डेनिम दिसलं की मजुरी, कॉर्डरॉय दिसलं की सहकारी संस्था. वही व्यापाऱ्याकडे होती, तिची खरी नक्कल बायकांच्या खाटेवर होती.

संग्रहालयाचा अध्याय मी थोडक्यात आटोपतो, कारण बाकी सगळे तिथूनच सुरू करतात. १९९८ मध्ये विल्यम आर्नेट या संग्राहकाने ॲनी मे यंग हिच्या गोधडीचा फोटो पाहिला. फिक्या डेनिमच्या चौकटीत मधोमध लाल-तपकिरी पट्ट्यांचा पेटता चौकोन. शोधत तो तिच्या दारात पोचला तेव्हा तिला हसूच आलं. जुन्या गोधड्या डासांना धूर करायला जाळतात, तिने नुकत्याच काही जाळल्याही होत्या. पुढे त्याने गावातून शेकडो गोधड्या घेतल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात प्रदर्शन लागलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने अमेरिकेने घडवलेल्या आधुनिक कलेतल्या सगळ्यात चमत्कारिक कृतींमध्ये यांची गणना केली. चमत्कारिक म्हणजे चमत्कार वाटाव्यात अशा. मराठीत या शब्दाचं उगाच वाकडं होतं.

कौतुक झालं ते बरंच झालं. पण त्या कौतुकात एक सूर मला खटकतो. 'यांनी मोठमोठ्या अमूर्त चित्रकारांसारखं केलं आणि यांना पत्ताही नव्हता' असा. पत्ता नसायला काय झालं? कापड संपत आलेलं असताना पुढची पट्टी कुठली, हा निर्णय झोपेत होत नाही. ज्यांच्या हातात ब्रश होता त्यांना आपण कलावंत म्हटलं आणि ज्यांच्या हातात सुई होती त्यांना निसर्गाची देणगी.

आणि पैसा. २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने जीज बेंडच्या दहा गोधड्यांची दहा तिकिटं काढली. नक्षी गालिच्यांवर आली, भेटवस्तूंवर आली. २००७ मध्ये ॲनी मे यंग आणि लोरेटा पेटवे यांच्यासह तिघींनी आर्नेट कुटुंबाविरुद्ध दावे लावले: आमच्या कामाच्या कमाईतला आमचा वाटा आम्हाला मिळाला नाही. आर्नेटनी आरोप नाकारले, आणि २००८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. खरं-खोटं ठरवायला मी बसलेलो नाही. प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. गोधडी विकली म्हणजे कापड विकलं की नक्षीसुद्धा विकली? चित्रकाराचं चित्र विकत घेणाऱ्याला त्याची छापील कॅलेंडरं विकता येत नाहीत, त्याला चित्रकाराची परवानगी लागते. गोधडीला हा नियम लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण गोधडीला 'कर्ता' असतो असंच कुणी धरलेलं नव्हतं. सामाजिक न्याय हा शब्द फार मोठा वाटतो. इथे त्याचा अर्थ साधा आहे: खाली नाव कुणाचं, आणि धनादेश कुणाच्या नावचा.

सगळ्याच गोधड्या अशा मुक्या नसतात, हेही सांगायला हवं. जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने कापडाची माणसं-प्राणी कापून बायबलच्या गोष्टी गोधडीवर लावल्या. १८८६ मध्ये कापसाच्या जत्रेत ती मांडली. जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने मागितली तेव्हा दिली नाही. पुढे हात फारच आखडला आणि दहा डॉलरची किंमत सांगून पाचला दिली. देताना प्रत्येक चौकटीचा अर्थ समजावून सांगितला, आणि नंतर आपली गोधडी बघायला अनेकदा त्या घरी जाऊन आली. ती आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. जवळजवळ शंभर वर्षांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या फेथ रिंगगोल्डने गोधडीवर चित्रं काढली, कडेने गोष्टच लिहून काढली. पहिली तिने १९८० मध्ये शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईबरोबर केली. आणि अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, सेरा ट्रेल या तरुणीने 'सोशल जस्टिस सोइंग अकॅडमी' काढली. तिथे शाळकरी पोरं आपल्याला सलणारा प्रश्न एका चौकोनावर कापड कापून चिकटवतात, मग देशभरातले अनोळखी स्वयंसेवक त्यावर टाके घालतात, आणि कुणी तिसरेच ते चौकोन जोडून मोठी गोधडी करतात. जीज बेंडचाच हिशेब, फक्त शेजारणी टपालाने जोडलेल्या.

एक इशाराही देतो. गुलाम पळून जाताना वाटेतल्या गोधड्यांवर गुप्त खुणा असायच्या, अमुक नक्षी म्हणजे सामान बांधा, तमुक म्हणजे उत्तरेला वळा, अशी गोष्ट इंटरनेटवर हमखास भेटेल. ऐकायला झकास आहे. इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. खुणांची गोष्ट खोटी निघाली म्हणून गोधड्यांचं काही उणं होत नाही.

आणि आपल्या दाराशी. गोव्यात पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांपैकी कितीतरी घाट चढून कारवारच्या रानांत निसटले. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या बाजूला त्यांच्या वंशजांची, सिद्दींची, वस्ती आहे, घरात बोलतात ती कोंकणी, मराठी-कानडीचे शब्द मिसळलेली. त्यांच्या बायका जुनेरांची 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात, धावदोरा गोल गोल फिरवत आत मध्यापर्यंत. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचं 'फूल' लागतं. त्यावाचून कवंदी उघडी वाटते म्हणतात. जीज बेंडशी त्यांचा काही पत्रव्यवहार नव्हता. गुलामगिरीच्या बाजारातून आलेल्या दोन वस्त्या, मध्ये समुद्र, आणि दोन्हीकडे बायका फाटकं जोडत बसलेल्या. याचा अर्थ आफ्रिकेतून आलेला वारसा असा लावायचा की गरिबीची अक्कल सगळीकडे सारखी असा, यावर मी अजून डगमगतो. आमच्या आजीच्या वाकळीचं मूळ आफ्रिकेत नव्हतं, आणि तिलाही कापड संपल्यावर काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं.

टपाल तिकिटं निघाली त्याच २००६ मध्ये जीज बेंडची होडी पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती विजेवर चालते, गाड्या नेणारी अमेरिकेतली अशी पहिलीच. सहकारी संस्था २०१२ मध्ये बंद पडली. २०२१ पासून काही जणी एट्सी या इंटरनेटवरच्या बाजारात स्वतःच्या नावाने दुकान चालवतात. २०२२ पासून ऑक्टोबरमध्ये गावात गोधड्यांना ऊन दाखवायचा उत्सव असतो. घरांपुढे, कुंपणांवर, दोऱ्यांवर जुन्या-नव्या गोधड्या लटकतात आणि बाहेरून लोक बघायला येतात. आता कुणी रानात पळत नाही. गाडी थांबवून दोरीकडे बघत राहिलं तर जिने शिवली ती बाई बाहेर येते आणि किंमत सांगते.